टापूचा कारभार

धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं त्या साली
आमच्या माळाला चारी बाजूंनी पूर्णेचं पाणी लागलं
आणि वर अकरा घरं उरली.
जिंतूरचा तलाठी म्हणाला, हे सेनगावात येतं.
सेनगावचा म्हणाला, नकाशात तर इथं नुसता निळा रंग आहे.
केरबा घुग्यांनी बिडी विझवली.
कुणाचेच नाही म्हणल्यावर आपण आपलेच की, म्हणाले,
लिहून घे रे.

मी लिहून घेतलं.
वय बारा, चौथी पास, टापूवर लिहिता येणारा एकटाच,
म्हणून सचिवालय माझ्या दप्तरात.
कलम एक : सरहद्द म्हणजे आजचं पाणी, रोज सकाळी मोजावी.
कलम दोन : म्हशींना ती लागू नाही, त्या पोहतात.
कलम तीन उंदरांनी खाल्लं.

परराष्ट्र खातं मैनोद्दीनकडं,
कारण काहील त्याची. गुळाची काहील,
तिच्यात बसून तो पलीकडं जायचा,
मीठ, काडेपेटी, बातम्या आणायचा,
आणि काहील फिरायची गरगर,
म्हणून आमचं परराष्ट्र धोरण
कुठल्या काठाला लागेल ते तोही सांगू शकत नसे.
अर्थखात्यात दीड पोतं ज्वारी आणि एक कुलूप,
किल्ली लिंबाजीनं हरवलेली.
झेंडा युरियाच्या पोत्याचा.
‘निव्वळ वजन ५० किलो’ वाऱ्यावर फडफडायचं
तेव्हा आम्ही छाती काढून उभे राहायचो.

विरोधी पक्ष म्हणजे चतुराबाई, एकटीच.
दिवे लवकर विझवा. काहून?
शेळ्या मोजा. काहून?
केरबा चिडायचे, हा काय पक्ष झाला?
याला ना जाहीरनामा ना काही, नुसतं काहून.

नवरात्र उठल्यावर निवडणूक घेतली.
मडक्यात चिंचोके. आख्खा म्हणजे केरबा,
फोडलेला म्हणजे दुसरं कुणीही.
मतदार एकोणीस.
मडकं उपडं केलं, मोजले, पुन्हा मोजले,
वीस.

लिंबाजी हसला : झालो की रे आपण देश!
केरबांना ते लई लागलं. त्यांनी आयोग नेमला.
आयोग म्हणजे मी.
वही घेऊन दारोदार फिरलो, सगळ्यांनी शपथा घातल्या.
चतुराबाई चुलीपुढं होती. न विचारताच म्हणाली,
मीच टाकले दोन.
एक माझा, एक खालच्या घरचा.

खाली कोण राह्यलंय आता, मी म्हणालो.

तिनं तव्यावरची भाकर उलटली.
परसात, बाभळीखाली. सव्वा महिन्याचं होतं.
निघताना समद्यांनी भांडी आणली, चौकटी आणल्या,
जात्याचा खुंटासुद्धा काढून आणला.
त्याला कुणी विचारलं, तू येतो का म्हणून?
यादीत घे त्याला.
नाव ठेवायचं राहून गेलं. तूच ठेव, लिहितोस ना.

अहवालात मी लिहिलं : मोजणीत चूक.
माझं पहिलं सरकारी वाक्य ते.

माघात पाणी उतरलं,
चिखलातून जीप आली, साहेबांनी रेशनकार्डं तपासली,
आणि देश जेवणाच्या वेळेआधी तालुक्यात जमा झाला.
केरबांनी टोपी सरळ करून विचारलं,
राजीनामा कुणाकडं द्यायचा?
कुणी उत्तर दिलं नाही, ड्रायव्हर टायरचा चिखल काढत होता.
मैनोद्दीननं काहील डोक्यावर घेतली
आणि तो पलीकडं चालत गेला,
पहिल्यांदाच सरळ.

मी आता परभणीला मतदार याद्यांच्या कामावर असतो.
मयत, स्थलांतरित, दुबार, असे रकाने आहेत,
पावसाळ्यात पेपरात धरणाची टक्केवारी येते, तेवढी आधी वाचतो.
ती वही आहे अजून. एकोणीस नावं,
केरबांचं पहिलं, चतुराबाईचं सगळ्यात खाली,
आणि त्याखाली पट्टीनं आखलेली आणखी एक ओळ.
नावाच्या जागी काही नाही.
पत्त्याच्या जागी, बारा वर्षांच्या अक्षरात :
बाभळीखाली.